माझी जीभ बांधली त्या दिवशी

या, मित्रांनो, जवळ या. मनोऱ्याच्या पायऱ्या अरुंद आहेत, तेव्हा एकामागून एक या आणि वर आलात की भिंतीला पाठ टेकून बसा. वारा बोचरा आहे, टोप्या कानांवर ओढून घ्या. आज मी तुम्हांला एक गोष्ट सांगणार आहे. ती गोड नाही. मी रागावलेली आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही. पण नीट ऐकलीत तर एका चांगल्या माणसाची ओळख घेऊन तुम्ही खाली उतराल, एवढा शब्द मी देते.

मी एक जुनी घंटा आहे. पोद्लेदिना गावाच्या चर्चच्या मनोऱ्यात आम्ही चौघी आहोत, त्यांतली सगळ्यांत लहान मी. गावातल्या बायकांनी आपापल्या चुलीवरची तांब्याची भांडी दिली, त्यात कथील मिसळून एका म्हाताऱ्या ओताऱ्याने मला ओतले. मी थंड होईपर्यंत तो माझ्याशेजारी बसून राहिला होता. माझ्या काठावर त्याने एक ओळ कोरली, ती अजून वाचता येते. हात लावून बघा. ‘कोणी एकटा जाऊ नये, म्हणून मी बोलते.’

पुढे मोठे युद्ध आले. माझ्या थोरल्या तिन्ही बहिणींना दोर लावून खाली उतरवले आणि तोफा ओतायला नेले. मी फारच लहान, माझ्यातून काय निघणार, म्हणून मला सोडून दिले. आता माझ्याशेजारी ज्या तिघी दिसतात त्या नंतरच्या. त्यांना बटण आहे. बटण दाबले की त्या वाजतात, दुसऱ्यांदा दाबले की थांबतात. त्या गुणी आहेत, मी त्यांच्याविषयी वाईट बोलणार नाही. पण मला मात्र अजून दोर आहे आणि तो माणसाच्या हाताने ओढावा लागतो.

सण, लग्न, रविवारची प्रार्थना, ही कामे त्यांची. माझे काम एकच. गावात कोणी शेवटचे श्वास घेऊ लागले की मला वाजवतात. माझा आवाज ऐकला की ऐकणाऱ्याने असेल तिथे थांबायचे, डोक्यावरचे काढायचे आणि जाणाऱ्यासाठी एक प्रार्थना म्हणायची, अशी आमच्या गावाची रीत आहे. गाईची धार काढणारी बाई हात थांबवते. खानावळीत पत्ते खेळणारे पत्ते उपडे ठेवतात आणि तेवढ्या वेळापुरते तरी शेजाऱ्याच्या पत्त्यांत डोकावत नाहीत. भट्टीवाल्याचा त्या वेळी भट्टीत असलेला पाव करपतो. तो करपलेला पाव तो टाकत नाही, निरोपाचा पाव म्हणून त्या घरी पाठवतो. आणि खाटेवर पडलेल्या माणसाच्या कानावर मी पडते, तेव्हा त्याला कळते की सारे गाव आपल्यासाठी थांबले आहे.

फादर ओझबाल्ट तर माझी ही ओळ गाऊन सांगतात. त्यांचे प्रवचन मला फार आवडते, मित्रांनो. बोलता बोलता त्यांचा आवाज हलकेच सुरात शिरतो, मग ते ओळ उचलतात, ‘कोणी एकटा जाऊ नये,’ आणि खालून सारे गाव ती झेलते. कोणी मला हात लावलेला नसतो, तरी माझे अंग आतून गुणगुणू लागते. देवाचे नाव सुरात आले की धातूलासुद्धा राहवत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते.

वर्षातून एकदाच आम्हां चौघींना गप्प करतात. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळपासून ईस्टरच्या रात्रीपर्यंत. प्रभू थडग्यात असताना घंटा बोलत नाहीत. लहान मुलांना सांगतात की घंटा रोमला गेल्या आहेत. त्या दिवसांत आमच्या बदली लाकडाचा एक खडखडा गल्लीगल्लीतून फिरवतात. दांडा फिरवला की दातेरी चाकावर लाकडी पट्टी आपटते आणि खडखड, खडखड असा कोरडा आवाज होतो. कानाला तो मुळीच गोड लागत नाही, तशी त्याच्याकडून अपेक्षाही नाही. तो खडखडा ऐकला की गावातल्या लहान पोरालाही कळते की घंटा बांधलेल्या आहेत आणि मरण गावात आहे. एवढे लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहे.

आता गाश्परविषयी सांगते.

गाश्पर बर्फ तुडवणारा होता. या खिडकीतून पाहा, समोर गावाच्या डोक्यावर तो उभा उतार दिसतो ना, त्याला आम्ही ‘भिंत’ म्हणतो. हिवाळ्यात तिथे स्कीच्या शर्यती होतात. शर्यतीसाठी बर्फ घट्ट हवा आणि रात्री नवा पडला तर तो दाबायला हवा. आता यंत्रे आहेत, पण भिंतीवर ती एका उंचीपुढे चढत नाहीत. तिथे गावातली माणसेच आडव्या स्कीवर एका ओळीत उभी राहतात आणि एकेक पाऊल उतरत बर्फ तुडवतात. ओळीच्या टोकाला गाश्पर असायचा. मी वाजले की भिंतीवर सर्वांत आधी त्याची तांबडी लोकरी टोपी खाली यायची. मग ओळीतल्या बाकीच्या टोप्या एकामागून एक.

तरुणपणी तो हिमलोटाखाली सापडला होता. त्याला जिवंत खणून काढले तेव्हा तो म्हणाला होता, “मरायची भीती नाही वाटली रे. मी इथं आहे हे कुणालाच माहीत नाही, त्याची वाटली.” तेव्हापासून त्याचा माझ्यावर जीव. दर शरद ऋतूत तो डुकराच्या चरबीचा डबा घेऊन वर यायचा, माझा आस माखायचा, माझ्या काठावरची ओळ बाहीने पुसायचा. माझा लोलक, म्हणजे माझी जीभ, ज्या चामड्याच्या वादीला लटकतो, ती वादी त्यानेच बैलाच्या कातड्याची कापून घातलेली. जाताना मला थोपटून म्हणायचा, “माझ्या वेळेला जोरात बोल हं, बाई. मला कमी ऐकू येतंय हल्ली.”

आणि मी मनातल्या मनात हो म्हटले होते. म्हणून तर मी एवढी संतापले आहे.

शर्यतीवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. पूर्वी ती गावापुरती होती आणि बक्षीस म्हणून धुरावलेली डुकराची तंगडी मिळायची. आता साऱ्या जगातून खेळाडू येतात. कॅमेरे येतात, चर्चभोवतीच्या दफनभूमीतल्या क्रूसांमधून तारा ओढतात. बँड वाजतो, मसाल्याच्या गरम वाइनचा आणि सॉसेजचा वास इथपर्यंत चढतो. लोक गाईंच्या गळ्यातल्या घंटा हातात घेऊन खेळाडूंच्या नावाने हलवतात. त्या माझ्या चुलत बहिणीच, त्यांचा कल्लोळ मला आवडायचा.

गेल्या हिवाळ्याच्या आदल्या वर्षी, ऐन शर्यतीत, म्हातारी उर्शुला जायला निघाली आणि मला वाजवले. भिंतीवरचे सगळे गावकरी फावडी टेकून, टोप्या काढून उभे राहिले. खेळाडू वर खोळंबले. कॅमेरे रिकामा उतार दाखवत राहिले. शर्यतीचे बाहेरून आलेले साहेब भयंकर चिडले. पुन्हा असे झाले तर शर्यत दुसऱ्या गावाला देऊ, म्हणाले.

ते विन्कोला म्हणाले. विन्को गावच्या शर्यत समितीचा प्रमुख, खाली चौकातले मोठे हॉटेलही त्याचेच. विन्को घाबरला. आणि घाबरून त्याने काय केले, ते ऐका.

गेल्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या तीन राजांच्या सणानंतर, शर्यतीच्या आदल्या दिवशी चर्चचा सेवक ब्लाझ जड पावलांनी वर आला. त्याच्या हातात घोंगडीचा तुकडा आणि ओला चामडी पट्टा होता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “रागावू नकोस, बाई. बाकीच्या तिघींचं बटण बंद केलंय. तुला बटण नाही, म्हणून हे करावं लागतंय. दोनच दिवस. ईस्टरला बांधतो तसंच.”

ईस्टरला बांधतो तसंच! मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्यात माझी जीभ एकाच मरणासाठी बांधली गेली होती आणि ते मरण प्रभूचे होते. आता ती कॅमेऱ्यांसाठी बांधली. ब्लाझने लोलकाला घोंगडी गुंडाळली, तो एका बाजूला ओढून पट्ट्याने तुळईला आवळला आणि खाली गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी विन्कोने मनोऱ्याची किल्लीही मागून घेतली.

त्या वेळी गाश्पर अंथरुणात होता. शरदापासून त्याची छाती भरलेली, या वेळी तो वर चढू शकला नव्हता. त्याचे घर भिंतीच्या पायथ्याशीच, ते हिरव्या खिडक्यांचे. माझी वादी झिजली आहे हे त्याच्या मनाला लागून राहिले होते. खाटेवर बसून त्याने नवी वादी कापली आणि ब्लाझच्या हाती पाठवली. ब्लाझने ती खाली, फादरांच्या वस्त्रांच्या खोलीतल्या कपाटात ठेवून दिली आणि शर्यत झाली की घालतो, असे त्याला कळवले. आजारी माणसाला कशाला त्रास, म्हणून मला बांधल्याचे कोणी त्याला सांगितले नाही.

शर्यतीच्या दिवशी पहाटे नवा बर्फ पडला. तुडवणाऱ्यांची ओळ भिंतीवर गेली, टोकाची जागा त्यांनी रिकामी सोडली होती. पहिली फेरी सुरू झाली. खाली गर्दी, वर खेळाडू, चुलत बहिणींचा कल्लोळ. आणि गाश्परच्या घरातून त्याची बायको रोझालिया एप्रनवर नुसती शाल टाकून धावत आली. चर्चच्या दाराशी ब्लाझ उभा होता.

“ब्लाझ, घंटा वाजव. माझा माणूस चाललाय. फादर आलेत, शेवटचं पवित्र तेल लावतायत त्याला. तो सारखा खिडकीकडे कान देतोय.”

“काकू...” ब्लाझची मान खाली गेली. “वरची किल्ली माझ्याकडे नाही हो. विन्कोनं मागून घेतली.”

“मागितली आणि तू दिलीस? उद्या तो तुझी विजार मागेल, तीही देशील?”

तेवढ्यात विन्कोच आला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, हातात बोलायचे यंत्र. त्याने रोझालियाला चर्चकडे धावताना पाहिले होते आणि ती कशाला धावते हे त्याला ठाऊक होते.

“रोझालियाकाकू, ऐका माझं. ही फेरी संपू द्या. मधल्या सुट्टीत मी स्वतः वर जातो, स्वतः वाजवतो. देवाशप्पथ.”

“त्याच्या श्वासांना सांग ना मधली सुट्टी घ्यायला.”

“काकू, सगळं जग बघतंय!”

“मग बघू दे की. इतके लोक जमलेत, एक माणूस कसा जातो तेही बघू दे. तुम्ही काय लपवताय? आमच्या गावात कुणी मरतच नाही, असं दाखवायचंय का?”

“गेल्या खेपेला काय झालं माहीत आहे ना तुम्हांला? शर्यत गेली तर हॉटेल गेलं, दुकानं गेली. पोरं खाली शहरात जातील. मग घंटा ऐकायला राहील कोण इथं?”

मी वरून ऐकत होते. हे त्याचे बोलणे अगदीच खोटे नव्हते, हे मी रागातही कबूल करते. पण रोझालियाने त्याच्याकडे असे पाहिले की तो एक पाऊल मागे सरला.

“विन्को, याच भिंतीवर तुला त्यानं कमरेला धरून उभं राहायला शिकवलं. तुझं नाक वाहायचं आणि तू त्याच्या बाहीला पुसायचास. हजार घंटा वाजतायत तिकडे, कोण किती जोरात घसरला त्यासाठी. त्याला एक नको का? एक?”

विन्कोने खिशात हात घातला. मला वाटले किल्ली काढतो. मी आतून सारी ताठ झाले. पण त्याच्या हातातले यंत्र खरखरले, कोणीतरी त्याचे नाव घेतले आणि त्याचा हात रिकामाच बाहेर आला.

“फेरी संपू द्या,” तो पुन्हा म्हणाला.

मी ओढ घेतली, मित्रांनो. देवाने घंटेला हलायची ताकद दिलेली नाही, तरी मी ओढ घेतली. घोंगडी गच्च होती. वाऱ्याने आत आलेल्या बर्फाने पट्टा भिजून लोखंडासारखा गोठला होता. ज्याने माझ्या जिभेला वादी दिली त्याच्याच वेळेला माझी जीभ बांधलेली होती.

रोझालियाने त्याच्याकडे पाठ फिरवली. ती चर्चमध्ये शिरली. वस्त्रांच्या खोलीतले कपाट उघडल्याचा आवाज मी ऐकला. ब्लाझ तिच्यामागे धावला, “काकू, काय शोधताय?” कपाटात समोरच गाश्परची नवी वादी गुंडाळून ठेवलेली होती. तिने ती बाजूला सारली आणि मागचा लाकडी खडखडा बाहेर काढला.

खडखड, खडखड, खडखड.

भर हिवाळ्यात, बँडच्या गजरात, तो गुड फ्रायडेचा कोरडा आवाज. रोझालिया तो डोक्यावर धरून फिरवत चर्चच्या दारातून बाहेर पडली, दफनभूमीतून, तारा ओलांडत, कठड्याखालून वाकून थेट भिंतीच्या पायथ्याशी गेली. पाहुण्यांना वाटले, हीसुद्धा खेळाडूंसाठीच वाजवते आहे. काही हसले, एकाने तिच्यापुढे गरम वाइनचा पेला धरला. पण बँडमध्ये ढोल वाजवणारा गावातला होता. त्याचे हात थांबले. मग तुतारीवाला थांबला. भट्टीवाला सॉसेजच्या गाड्यावर उभा होता, त्याने कानटोपी ओढून काढली आणि तव्यावरचे सारे करपू दिले.

आणि वर भिंतीवर, मित्रांनो, ओळ थांबली. घंटा बांधलेली आहे आणि मरण गावात आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. टोप्या एकामागून एक खाली आल्या. ओळीच्या टोकाची रिकामी जागा तशीच राहिली. गावचाच एक जण वर खेळाडूंना सोडण्याचे काम करत होता. त्याने पुढच्या खेळाडूसमोर हात आडवा धरला.

मोठ्या भोंग्यातून आवाज आला, “तांत्रिक अडचणीमुळे शर्यत थोडा वेळ थांबवण्यात येत आहे.”

तांत्रिक अडचण! ज्याने यांच्या पायांखालचा बर्फ जन्मभर तुडवला, त्याच्या शेवटच्या श्वासाला हे तांत्रिक अडचण म्हणाले. त्या शब्दाची मला आजही चीड येते.

आत काय झाले ते नंतर फादर ओझबाल्टनी इथे वर येऊन, माझ्या काठावर हात ठेवून मला सांगितले. खडखड कानावर पडली तेव्हा गाश्परने डोळे उघडले. चांगला कान देऊन ऐकू लागला. आणि म्हणाला, “तुटली वाटतं तिची वादी.”

फादरनी त्याचा हात हातात घेतला.

“ब्लाझला सांगा,” गाश्पर म्हणाला, “कपाटात नवी आहे. तिला ओरडू नका कुणी. वादी जुनी होती, तिची काय चूक?”

मरणाऱ्या माणसाला खरे सांगावे की नाही? फादर म्हणाले, मला नाही जमले. त्यांनी खिडकी उघडली आणि आपल्या त्या भरदार आवाजात माझी ओळ गायला सुरुवात केली. ‘कोणी एकटा जाऊ नये.’ बँड बंद, चुलत बहिणी एकेक करून गप्प झालेल्या. त्यांचा आवाज भिंतीवर पोचला आणि वरून तुडवणाऱ्यांच्या ओळीने तो झेलला. त्या सुरात गाश्पर गेला. खिडकी उघडीच होती.

मी तेवढी गप्प होते. लाकडाने माझे काम केले आणि मी बांधलेली लोंबकळत होते. तो मला दोष न देता गेला, उलट माझी बाजू घेऊन गेला. मी तुटले असे समजून गेला. मित्रांनो, मी तुटले नव्हते! माझी वादी जुनी होती, पण शाबूत होती. मला बांधले होते. हे त्याला कळले नाही, हे मला कोणत्याही ईस्टरला विसरता येणार नाही.

एका प्रार्थनेएवढा वेळ सारे थांबले आणि मग शर्यत पुढे झाली. जग काही कोसळले नाही. शर्यतही गावातून गेली नाही. म्हणजे हे सारे कशासाठी केले, सांगा?

संध्याकाळी विन्को किल्ली घेऊन वर आला. ओळखपत्र अजून गळ्यात होते. गोठलेली गाठ त्याच्या बोटांनी सुटेना, तेव्हा तो ती दातांनी ओढू लागला. त्याचा ओठ फाटला. “माफ कर,” असे काहीतरी म्हणाला, ते मला की गाश्परला, कोण जाणे. मला त्याची कीव आली का? नाही आली. फादर म्हणतात, येईल, हळूहळू येईल, देवाला सांगून ठेव. मी देवाला सांगून ठेवले आहे.

गाश्परच्या दफनाला ब्लाझने त्याची नवी वादी मला घातली. आज मी तिलाच लटकते. त्या दिवशी मी अशी बोलले की भिंतीवरचा सैल बर्फ खाली आला, असे लोक म्हणतात. पण ज्याला कमी ऐकू यायचे तो तेव्हा ऐकायला नव्हता.

मनोऱ्याची किल्ली आता रोझालियाच्या दाराशी खिळ्याला असते. या हिवाळ्यात शर्यत झाली तेव्हा मला बांधायला कोणी आले नाही. पुढच्या वर्षाचे मला ठाऊक नाही. माणसे विसरतात आणि गर्दी वाढली की लवकर विसरतात.

म्हणून तुम्हांला वर बोलावले. मित्रांनो, जुन्या वस्तूंना चरबी लावा, पुसा, त्यांच्या वाद्या झिजण्याआधी बदला. पण त्याहून अधिक हे सांभाळा: जी वस्तू दुसऱ्याच्या शेवटच्या घटकेसाठी बोलते, तिची जीभ तुमच्या सोयीसाठी कधी बांधू नका. आणि कोणी बांधायला निघाला, तर ब्लाझसारखे किल्ली देऊन मोकळे होऊ नका.

आता उतरा, अंधार पडायच्या आत घरी जा. खाली गेलात की हिरव्या खिडक्यांच्या घरावरून जाल. पुढे कुठेही, कोणत्याही गावात, एखादी घंटा कानावर पडली तर जिथे असाल तिथे क्षणभर थांबा, टोपी काढा आणि त्याचे नाव घ्या. गाश्पर, बर्फ तुडवणारा. त्याला सांगा की तिची वादी तुटली नव्हती.